सहाव्या टप्प्याचा उजेड

फ्लॅट बांधून व्हायच्या आधीच तो कसा दिसेल याची चित्रं मी कॉम्प्युटरवर करते. बिल्डरच्या जाहिरातीत सोफ्यावर सकाळचं तिरपं ऊन पडलेलं असतं ना, ते ऊन माझं. सोफा खोटा, ऊन खोटं, आणि खिडकीतून दिसणारी खाडी प्रत्यक्षात बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते. पण खाडीला जबाबदार बिल्डर, मी फक्त उजेड बघते. नेरूळच्या एका छोट्या ऑफिसात अठरा वर्षं हेच करत आले आहे, त्यामुळे डोळ्यांना एक वाईट खोड लागली आहे. कुणाच्या घरी गेले की चहा यायच्या आधी मला छतावर उमटलेला फरशीचा रंग दिसतो. लग्नात सगळे नवरीचे दागिने बघतात, मी तिच्या गळ्यावर आलेली शालूची लाली बघते. एकदा जेवताना नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या हनुवटीखाली आज काय सुंदर पोपटी झाक आली आहे!" तो म्हणाला, "टी-शर्ट पोपटी आहे. जेवू दे."

ही झाक कॉम्प्युटरला कशी कळते ते थोडक्यात सांगते. इथे लोक मोबाईल काढतात हे मला माहीत आहे, तरी सांगते. उजेड एका भिंतीवर आपटतो, तिथून उडून दुसऱ्या वस्तूवर पडतो, तिथून तिसऱ्या. चेंडूसारखे टप्पे घेत जातो. प्रत्येक टप्प्याला तो त्या वस्तूचा थोडा रंग उचलतो आणि थोडा दमतो. म्हणजे भिंतीवर किती उजेड आहे ते छतावर अवलंबून, छतावरचा फरशीवर, आणि फरशीवरचा परत भिंतीवर. सगळ्यांचं घोडं एकमेकांपाशी अडलेलं. हे सगळं एका समीकरणात मावतं, पण ते समीकरण सरळ सुटत नाही. म्हणून गणितवाल्यांनी जी युक्ती काढली ती म्हणजे चक्क जुगार. डोळ्यापासून उलटे किरण सोडायचे, किरण आपटला की फासे टाकून त्याची पुढची दिशा ठरवायची, चित्रातल्या एकेका ठिपक्यामागे असे हजार किरण सोडायचे आणि सरासरी काढायची. या पद्धतीला युरोपातल्या एका जुगारी शहराचं नाव दिलेलं आहे. आईला मी हे सगळं एकदा नीट समजावून सांगितलं होतं. ती अजून नातेवाइकांना "बँकेसारखं काहीतरी करते" असंच सांगते.

किरण कमी सोडले तर चित्रावर पांढरे ठिपके राहतात. एकदा घाईत असं अर्धवट चित्र इथल्याच एका मूळच्या गाववाल्या बिल्डरला पाठवलं गेलं. त्याच्या वाडवडिलांची मिठागरं होती. दुसऱ्या दिवशी तो स्वतः ऑफिसात आला, चित्र टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "मॅडम, बिल्डिंग अजून उबी नाय, नि तुमी तिला लोना लावलाव?" मी किरणांची सरासरी समजवायला गेले. पण लोणा धरलेली, मीठ फुटलेली भिंत तो लहानपणापासून ओळखत होता, त्यामुळे माझं काही चाललं नाही.

आमची सोसायटी कोपरखैरण्यात. सात मजल्यांच्या दोन विंगा, ए आणि बी, समोरासमोर, मध्ये दीड गाडी जाईल एवढी जागा. गेल्या वर्षी बिल्डिंग रंगवायचं ठरलं. आमचे चेअरमन सोलापूरकडचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आणि फाईल काखेत नसेल तर त्यांना चालताना तोल जातो. खारघरला एका टॉवरचा वीटकरी रंग त्यांनी पाहिला आणि तेव्हापासून दुसरा विषय नाही. एक दिवस लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठलं. "मॅडम, तुम्ही ते कॉम्प्युटरवर करता न्हवं? आपल्या बिल्डिंगचं एक दाखवा की वीटकरी रंगात. म्हंजे लोकं गप बसतील."

मी म्हटलं, "नुसतं बाहेरून कशाला? समोरच्या भिंतीचा रंग कुणाच्या घरात किती येईल तेही दाखवते!" असं दाखव म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. पण कौतुकाने बोलावलं की मी वाहवत जाते.

मोजमाप घ्यायला मी रंगाची कार्डं आणि कॅमेरा घेऊन खाली उतरले. ए विंगच्या तळमजल्यावर फॉलवाल्या मावशी राहतात. साडीच्या खालच्या काठाला आतून फॉल लावायचा आणि पदराला पिको करायचं, हे काम त्या खिडकीशी बसून करतात. मूळच्या इथल्याच खाडीकाठच्या गावातल्या. त्यांच्या खिडकीसमोर पार्किंगचा पत्रा, पत्र्यापलीकडे बी विंगची भिंत. त्या उजेडात त्या साडीशी फॉलचा रंग जुळवतात. ट्यूब लावत नाहीत, कारण ट्यूबखाली म्हणे सगळे रंग एकमेकांचे चुलतभाऊ दिसतात.

"काय करतंस गं बाय?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"समोरच्या भिंतीचा रंग मोजतेय, मावशी."

"त्याला येवढं काय मोजाचं? पांढरा व्हता. आता दुधात चायचा थेंब पडल्यावानी हाय."

मी हसले आणि कार्डं लावून, फोटो काढून, घरी जाऊन तासभर आकडेमोड केली. उत्तर दुधात चहाचा थेंब असंच आलं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात सभा भरली. मी प्रोजेक्टर नेला होता. दोन आठवडे एकेका भिंतीवरून उडणाऱ्या उजेडाचा हिशोब करून झालेली चित्रं मी मोठ्या ऐटीत समोरच्या भिंतीवर टाकली, आणि आमची बिल्डिंग लोणच्यासारखी दिसायला लागली. चेअरमन पुढे झुकले. "मॅडम, मी वीटकरी म्हणालो होतो. ही मेंदी हाय." मी वायर हलवली. प्रोजेक्टर बंद करून चालू केला. लॅपटॉपला दोन-चार शब्द ऐकवले. शेवटी मागच्या खुर्चीवरून मावशी म्हणाल्या, "बाय, भिंत हिरवी हाय."

भिंत खरंच हिरवी होती. पिस्त्याच्या रंगाची. दर महिन्याच्या सभेला मी त्या भिंतीखाली बसते. नवऱ्याच्या हनुवटीवरची झाक दिसणाऱ्या बाईला अख्खी भिंत दिसली नव्हती. मग कुणीतरी घरातून पांढरी चादर आणून लावली. तिच्यावर फिकट गुलाब छापलेले होते, त्यामुळे पुढचा अर्धा तास सहाव्या मजल्यावरच्या लोकांना आपल्या गॅलरीत गुलाब उगवलेले दिसत होते आणि त्यांना ते आवडत होते.

घरांच्या आतली चित्रं सुरू झाली. पाचवा मजला, तिसरा मजला, किंचित केशरी झाक, लोकांच्या माना हलल्या. मग ए विंगचा तळमजला आला. चादरीवर मिट्ट काळोख.

"हे काय?" कुणीतरी विचारलं.

ते चित्र त्याच दिवशी पहाटे तयार झालं होतं, मी उघडून पाहिलंच नव्हतं, त्यामुळे मला स्वतःलाच ते अनपेक्षित होतं. पण हिरव्या भिंतीनंतर मला पुन्हा फजिती परवडणार नव्हती. मी जाणकाराच्या आवाजात म्हणाले, "तिथे उजेड पोचतच नाही. त्यामुळे समोर कुठलाही रंग दिला तरी तळमजल्याला काही फरक पडणार नाही."

मावशी उभ्या राहिल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "बाय, मी तिथं बावीस वरसं बसते," एवढंच म्हणाल्या.

"पण कॉम्प्युटर सांगतोय की," चेअरमन म्हणाले आणि त्यांनी फाईल उघडली. वीटकरी रंगाचा ठराव हात वर करून मंजूर झाला. रंगारी पुढच्या रविवारनंतर, सोमवारपासून येणार होते. मी मान वर केली तेव्हा मागची खुर्ची रिकामी होती.

मला लाज वाटली, पण लगेच नाही. आधी राग आला. माझं गणित चुकलं असं भर सभेत म्हटल्यासारखं झालं होतं, आणि म्हणणारी बाई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. दुपारी मी उजेड मोजायचं यंत्र घेऊन खाली गेले, तेही त्यांच्या खोलीत किती काळोख आहे ते त्यांनाच दाखवायला. आता सांगताना कान गरम होतात, पण गेले होते ते याच हेतूने.

मावशींनी दोन फॉल माझ्यासमोर टाकले. "कोनता काला?"

"दोन्ही काळे."

"नीट बघ."

मी खिडकीशी सरकले. डोळे खोलीला सरावले. आणि हळूहळू एक फॉल काळाच राहिला, दुसरा गडद निळा झाला. मग मला मशीनच्या चाकावरची सोनेरी नक्षी दिसली, रिळांचे डबे दिसले, छतावर पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीच्या टपाची सौम्य झळाळी दिसली. खोलीत उजेड होता. थोडा होता, पण स्वच्छ होता. कुठून कुठून आपटत, वळत, पत्र्याखालून वाकून तो आत आला होता.

"तुजा कॉम्पुटर उजेडाचे टप्पे मोजतो ना?" मावशींनी विचारलं. सभेत मी टप्प्यांचं सांगितलं ते एवढं लक्ष देऊन त्या एकट्याच ऐकत होत्या. "किती मोजतो?"

"पाच."

"मंग?"

"मग सोडून देते, मावशी. पाचव्या टप्प्यानंतर फार थोडा उरतो. सगळे मोजत बसलं तर चित्र व्हायला दिवस लागतात."

मावशींनी दाताने दोरा तोडला. "तो थोडा उरतो ना," त्या म्हणाल्या, "तोच माजा."

मी यंत्र पिशवीत ठेवलं. मावशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या साध्या आवाजात सांगत राहिल्या. भिंत वीटकरी झाली तर त्या उजेडात फॉल जुळणार नाही. बाहेर जाऊन जुळवायचं तर दर साडीला तीन पायऱ्या उतरायच्या नि चढायच्या, आणि गुडघे आता दिवसातून एकदाच कबूल होतात. "मशीन देऊन टाकंन कोनाला. उरनला पोरीकरं जाऊन राहीन. पोरीचं घर चांगलं हाय. पन तिथं मी करू काय? दिसभर टीवीवर शिरेल बघू?"

मी वर आले आणि पाचाचे चाळीस टप्पे केले. घरातला कॉम्प्युटर शुक्रवारपर्यंत घोंघावत होता. त्याच्या मागून इतकी गरम हवा येत होती की नवऱ्याने तिथे मोजे वाळत घातले. चित्र पूर्ण झालं तेव्हा मावशींची खोली होती तशी उमटली, मशीन, डबे, छतावरची झळाळी, सगळं. फक्त सगळं केशरी. गाजर पोखरून आत संसार मांडल्यासारखं.

मी चित्र घेऊन चेअरमनकडे धावले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "मॅडम, गेल्या रविवारी ही खोली काळी होती. आता केशरी हाय. पुढच्या रविवारी निळी करनार का? ठराव झालाय." मला इतका संताप आला की काय सांगू, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचं बरोबर होतं. आता माझ्या चित्रावर कुणी का विश्वास ठेवावा?

मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग फोटू नको दाखवू. खराच रंग लाव."

"कुठून लावू?"

"बी विंगच्या बायांना सांग, मी सांगितलं म्हनून. वीटकरी साडी परत्येकीकरं हाय. मीच फॉल लावलेत."

हे गणित मला सुचलं नव्हतं. बी विंगमधल्या एकाही कपाटात मावशींचा हात न लागलेली साडी नव्हती. मी ग्रुपवर मेसेज टाकला: रविवारी सकाळी दहा वाजता ए विंगकडच्या गॅलऱ्यांमध्ये वीटकरी, केशरी, गाजरी, जे असेल ते वाळत घाला. दहाला पाच मिनिटं असताना साड्या सुटायला लागल्या. साड्या, चादरी, पडदे, एक गोधडी. चौथ्या मजल्यावरून एक जांभळा टॉवेल लोंबत होता. त्यांच्याकडे वीटकरी काही नव्हतं, पण भाग घ्यायचा होता. पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत भिंत झाकली गेली. रस्त्यावरून जाणारा रिक्षावाला थांबून विचारायला लागला, "भंडारा किधर है?" आणि आम्ही नाही म्हणेपर्यंत त्याच्यामागे आणखी दोघं उभे राहिले होते.

चेअरमन आले, सोबत त्यांच्या मिसेस. भाच्याच्या लग्नात नेसायची मोतिया रंगाची साडी त्यांच्या हातात होती. ती त्या नाहीतरी मावशींकडे टाकणारच होत्या. मावशींनी साडी मांडीवर घेतली, पाच फॉल काढून ओळीने ठेवले आणि म्हणाल्या, "चेअरमनसायेब, आज तुमी जुलवा."

"त्यात काय अवघड हाय?" म्हणत चेअरमन पाटावर बसले. खोलीत सगळीकडे केशरी मऊ उजेड पसरला होता. त्यांचा पांढरा शर्टही केशरी झाला होता, पण शर्ट त्यांच्याच अंगावर असल्यामुळे त्यांना दिसत नव्हता. त्यांनी एकेक फॉल काठाला लावून पाहिला, दोन बाजूला सारले, आणि तिसरा उचलला. "हा. अगदी डिट्टो." मिसेसनीही वाकून पाहिलं आणि मान डोलावली. मीसुद्धा पाहिलं. मला विचारलं असतं तर मीही तोच दिला असता.

"आता भाएर नेऊन बगा," मावशी म्हणाल्या.

सगळे गेटबाहेर उन्हात गेलो. साडी मोतिया होती. फॉल गुलाबी होता. झाक वगैरे नाही, बर्थडे केकच्या क्रीमचा असतो तसा धडधडीत गुलाबी. वॉचमन हसला आणि लगेच रजिस्टर बघायला लागला. मिसेसनी साडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "ही नेसून मी मांडवात फिरू, आन् पाऊल टाकलं की खालनं हे?"

"उजेडाचा दोष हाय," खिडकीपाशी परत आल्यावर चेअरमन पुटपुटले.

"त्येच सांगतो ना आमी," मावशी खिडकीतून म्हणाल्या.

ठराव रद्द करणं चेअरमनच्या स्वभावात नव्हतं, पण ठरावात दुरुस्ती करता येते हे त्यांना तोंडपाठ होतं. समोरासमोरच्या दोन्ही भिंती खालून काही मजल्यांपर्यंत पांढऱ्या ठेवायच्या, वर वीटकरी. पण पांढरा कुठपर्यंत? ते साड्या लटकवून कळणार नव्हतं, तिथे माझं गणित लागलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर रात्रभर जुंपून मी एकेक मजला वाढवत चित्रं केली आणि लॅपटॉप घेऊन मावशींशेजारी बसले. पहिल्या मजल्यापर्यंत पांढरं केलेलं चित्र बघून त्या नाही म्हणाल्या. दुसऱ्यापर्यंतचं बघून म्हणाल्या, "अजून चाय हाय." तिसऱ्यापर्यंतचं त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हां. आता दूध." दुरुस्तीत तिसरा मजला गेला. रंगारी सोमवारऐवजी गुरुवारी आले.

बिल्डिंग आता रंगवून झाली आहे. ती सुंदर दिसते असं मी म्हणणार नाही. वर चार मजले वीटकरी आणि खाली पांढरा पट्टा. शेजारच्या सोसायटीतले लोक साडीखालून परकर दिसतोय म्हणून हसतात. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं, वाकून समोरची भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "परकर कुठला? फॉल हाय तो. उलट्या अंगाला लागलाय, येवढंच." आणि पुन्हा पाय चालवला.

ऑफिसात मी आता पाचाला थांबत नाही. चित्रं व्हायला वेळ लागतो, बिल्डर फोन करतात, आणि माझा साहेब दर दोन दिवसांनी येऊन टेबलाशी उभा राहतो. परवा म्हणाला, "अगं, पाचनंतर काय शिल्लक राहतं? कोण बघणार आहे?"

"तळमजल्यावर बाई बसलेली आहे," मी म्हटलं.

तो स्क्रीनजवळ जाऊन शोधायला लागला. चित्रात बाई नव्हती. नुसती रिकामी खोली होती, अजून न बांधलेल्या बिल्डिंगमधली. पण खिडकीशी एक मशीन ठेवलं तर दोरा ओवता येईल एवढा उजेड तिथे होता.